भेग मातीची की खाणीची?

काकाजींचा फोन सकाळी साडेसहाला आला. "मॅडम, विहिरीपाशी भेग पडली. मातीची नाही वाटत जी मले. येता काय पाहाले?"

मे महिना होता. मे महिन्यात नागपूरच्या आसपास भेग नसलेलं वावर शोधून सापडणार नाही. आमची काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. वासराचा पाय अडकतो. त्यामुळे भेग पडली म्हणून इथं कोणी कोणाला फोन करत नाही. काकाजींनी केला, म्हणजे त्यांना काही तरी वेगळं दिसलं होतं. मी लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) गाडीत टाकली, आमच्या स्टाफमन दादांना सदरमधून घेतलं आणि निघाले.

त्यांची संत्र्याची बाग नागपूरच्या उत्तरेला, शहरापासून तासाभरावर. विहीर बागेच्या दक्षिण कोपऱ्यात, काळ्या दगडाची बांधणी, त्यांच्या वडिलांच्या हातची. विहिरीच्या तोंडापासून दोन हातांवरून भेग गेली होती. काकाजींनी भेगेच्या दोन्ही काठांवर बाभळीची एकेक खुंटी ठोकून मधे सुतळी बांधली होती. "परवा बांधली तवा ढिली होती. आता पाहा." मी बोटानं दाबून पाहिली. दबत नव्हती.

"मातीची भेग जाळ्यावानी असते," ते म्हणाले. "एक इकडं, एक तिकडं, मधात टापू. आन् पाणी देल्लं का बुजते. हे सरकी गेली. धुऱ्यातून गेली, पांदणीतून गेली. आन् हा काठ पाहा, खाली हाय."

खरंच होतं. मी पट्टी लावली. उत्तरेकडचा काठ दीड सेंटिमीटर खाली होता. भेग बागेच्या बांधाला जुमानत नव्हती, झाडांच्या ओळीला जुमानत नव्हती, आणि जिकडे जात होती ती दिशा मला पाठ होती, कारण जमिनीखाली नव्वद मीटरवर कोळशाच्या खाणीचा एक पॅनल, म्हणजे कोळसा काढायला आखलेला पट्टा होता आणि त्याची कड त्याच दिशेनं जात होती. तो पॅनल माझ्या नकाशावर होता. ही विहीरही माझ्या नकाशावर होती, आणि त्या नकाशाप्रमाणे ती सुरक्षित होती.

ती सुरक्षित आहे हा अहवाल मीच लिहिला होता. कसा लिहितात ते आधी सांगते, कारण त्याशिवाय चूक कुठे झाली ते कळणार नाही.

मी सिव्हिलची इंजिनिअर. २०१० साली नागपुरात पदवी घेतली आणि एका सर्व्हे करणाऱ्या लहान कंपनीत लागले. खाणींची कामं भरपूर होती, पण तेव्हा कायद्यानं बाईला भूमिगत खाणीत काम करता येत नसे. १९५२ च्या खाण कायद्यातलं ते कलम २०१९ च्या जानेवारीत सैल झालं आणि तांत्रिक, देखरेखीच्या कामासाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत खाली जायची वाट उघडली. तोवर माझे सहकारी खाली जायचे आणि मी वर थांबायचे. वर थांबून करायचं काम एकच होतं, खाली कोळसा निघाला की वरची जमीन किती खचते ते मोजणं. नऊ वर्षं मी तेच केलं. ते काम मला कोणी सन्मानानं दिलं नव्हतं, पण आज कोणी विचारलं तर मी दुसरं काही मागणार नाही.

जमीन कशी खचते हे समजायला मला पुस्तकापेक्षा आजीच्या घरच्या कणगीचा उपयोग झाला. कणगीच्या तळाशी भोक असायचं, बोळा काढला की ज्वारी खाली यायची. आम्ही पोरं वरून डोकावून बघायचो. भोक मुठीएवढं, पण वर पडणारा खळगा परातीएवढा, उथळ, कडेला हळूहळू वर येणारा. खालून एक मूठ काढली की तिचा परिणाम वर पोहोचेपर्यंत पसरतो. कोळशाचंही तसंच. खालचा एक छोटा तुकडा काढला तर वर घंटेच्या आकाराचा एक अगदी बारीक खळगा पडतो असं धरायचं, आणि जेवढा कोळसा काढला तेवढ्या सगळ्या तुकड्यांचे खळगे एकमेकांत मिळवायचे. बेरीज म्हणजे खचलेली जमीन. १९५० च्या दशकात पोलंडमध्ये बुड्रिक आणि क्नोते यांनी हे गणित बसवलं आणि आजही जगभर बहुतेक अंदाज त्याच घराण्याचे असतात. माझा पहिला हिशोब मी एक्सेलच्या शीटवर केला होता. आता पायथॉनमध्ये करते, पण गणित तेच.

लाँगवॉल खाणीत ही बेरीज फार स्वच्छ होते. तिथं दोन्ही बाजूंना गॅलऱ्या मारून मधला दीडशे-अडीचशे मीटर रुंदीचा कोळसा एका सरळ फेसवर, म्हणजे कोळशाच्या उघड्या भिंतीवर, कापत नेतात. शिअरर हे कापायचं यंत्र फेसवरून इकडून तिकडे फिरतं, हायड्रॉलिक सपोर्ट एकेक पाऊल पुढे सरकतात, आणि मागचं छत मोकळं सोडून देतात. ते कोसळतं. मागे उरतो तो गोफ. खांब नाही, खुंटी नाही, सगळा आयत रिकामा. आपल्या देशात यांत्रिक सपोर्टचा पहिला लाँगवॉल १९७८ मध्ये झरियाच्या मुनीडीहला सुरू झाला, आणि तेलंगणात अड्रियाला इथं २०१४ पासून अडीचशे मीटर रुंदीचा फेस चालतो. नागपूर पट्ट्यात मात्र बोर्ड अँड पिलरचंच राज्य. आधी गॅलऱ्यांची जाळी पाडायची, मधे खांब ठेवायचे, आणि शेवटी माघार घेत घेत ते खांब काढायचे, म्हणजे डिपिलरिंग. खांब निघाले की वरच्या जमिनीला तो पॅनल लाँगवॉलसारखाच दिसतो, फक्त मधेमधे सुरक्षेसाठी सोडलेले कोळशाचे स्टूक राहतात आणि ते कधी चिरडतील याचा नेम नसतो. म्हणून आमच्याकडे लाँगवॉलचंच गणित वापरतात, पण दहा वेळा तपासून.

आकड्यांत सांगते. कोळशाचा थर ३ मीटर काढला, खोली १५० मीटर. कोसळलेला दगड मूळच्यापेक्षा जास्त जागा खातो (मुरूम खणून त्याच खड्ड्यात परत भरला तर ढीग उरतोच), म्हणून वर पूर्ण ३ मीटर कधी उतरत नाहीत. समजा ६० टक्के उतरले, म्हणजे १.८ मीटर. परिणाम कडेपासून किती दूर पसरतो ते खडकावर ठरतं. समजा खोलीच्या निम्मा, म्हणजे ७५ मीटर. वर पडलेल्या खळग्याला आम्ही बशी म्हणतो. आता बशीच्या काठावर सगळ्यात तीव्र उतार किती? १.८ मीटर भागिले ७५ मीटर, म्हणजे दर मीटरला २४ मिलिमीटर. दहा मीटर लांबीचं घर तिथं असेल तर त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा २४ सेंटिमीटर खाली. आणि जमीन जिथं वाकते तिथला ताण निघतो दर मीटरला साधारण १४ मिलिमीटर. आपल्याकडे रूळ आणि इमारतींसाठी ३ मिलिमीटरची मर्यादा धरतात.

हेच ३०० मीटर खोलीवर, पॅनल त्याच प्रमाणात रुंद धरून काढलं तर? खचणं तेवढंच, १.८ मीटर. पण काठ दुप्पट अंतरावर पसरला, म्हणून उतार निम्मा आणि ताणही निम्मा. दोन्ही अहवालांच्या पहिल्या पानावर आकडा एकच येईल, आणि एका गावातली घरं राहतील, दुसऱ्या गावातली फाटतील.

हे मला फार वेळ समजावून सांगावं लागतं, गावकऱ्यांनाही आणि खुर्चीवरच्या माणसांनाही. सभेत पहिला प्रश्न नेहमी "किती खचेल?" असा येतो. खचण्यानं घर पडत नाही हो. अख्खं अंगण, घर, गोठा, तुळशीवृंदावन सगळं मिळून सपाट दीड मीटर खाली गेलं तर भिंतीला चीरही जाणार नाही (पावसाळ्यात पाणी कुठं साचेल तो प्रश्न वेगळा, आणि तो सोपा नाही). घर फाटतं ते काठावर. रिकाम्या जागेच्या कडेला, कोळसा अजून शाबूत आहे त्या बाजूला, जमीन बाहेरच्या अंगानं ताणली जाते आणि आतल्या अंगानं दाबली जाते. ताणाच्या पट्टीत भेगा, नळ सुटणं, विहिरीची बांधणी फुटणं. दाबाच्या पट्टीत फरशा उचलतात, दाराच्या चौकटी आवळतात.

चालत्या लाँगवॉलवर तर हे दोन्ही एकाच घराला भोगावं लागतं. फेस खालून पुढे सरकतो तशी वर लाट सरकते. पॅनलच्या मधोमध असलेलं घर आधी ताणलं जातं, काही आठवड्यांनी दाबलं जातं, आणि फेस दूर गेल्यावर पुन्हा सपाट होतं. कडेवरच्या घराचं तसं नाही. त्याच्या वाट्याला जो ताण आला तो कायमचा. म्हणून मला कोणी विचारलं की अहवालात सगळ्यात महत्त्वाचं पान कोणतं, तर मी ताणाच्या पट्टीचा नकाशा दाखवते.

आता ज्या गोष्टी मी "समजा" म्हणून सांगितल्या, म्हणजे ६० टक्के, निम्मी खोली, त्या कुठून आणायच्या? सगळा जीव तिथं आहे. ब्रिटनच्या कोळसा मंडळानं १९६६ मध्ये काढलेली आणि १९७५ मध्ये सुधारलेली हातपुस्तिका आमच्या कपाटात आहे. तिच्यात शेकडो पॅनलची मोजमापं एका आलेखात बसवली आहेत. रुंदी खोलीच्या १.४ पट झाली की काढलेल्या उंचीच्या ९० टक्के खचतं, परिणाम ३५ अंशांच्या कोनात बाहेर पसरतो. अप्रतिम काम आहे. पण ते त्यांच्या खडकाचं आहे, शेल आणि चिखलदगडाचं, जो मऊपणानं वाकून खाली बसतो. आपला कोळसा गोंडवन नावाच्या प्राचीन खडकांतला, वर वालुकाश्माचे जाड थर. इथल्या खडकाच्या एका पूर्ण संचाला भूवैज्ञानिकांनी आपल्या कामठीचंच नाव दिलेलं आहे. वालुकाश्म सहजासहजी वाकत नाही. तो गोफावर छज्जासारखा लटकून राहतो आणि मग एकदम तुटतो. त्याहून कठीण खडक असेल तर काय होतं ते छत्तीसगडच्या चुरचा खाणीनं १९९० मध्ये दाखवलं. वर डोलेराइटचा थर होता, तो अडून राहिला आणि कोसळला तेव्हा लाँगवॉलचे सपोर्ट चिरडून गेले.

छत लटकलं की वरच्या बशीचा काठ आत सरकतो. म्हणजे सगळ्यात तीव्र उतार पॅनलच्या कडेवर येत नाही, कडेच्या आत दहा-वीस मीटरवर येतो. बाहेरच्या माणसाच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट. हा दहा-वीस मीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच येणार आहे.

तो मिळवायचा एकच मार्ग, मोजायचं. पॅनलवर आडवी रेघ आखून दर दहा मीटरला काँक्रीटचा खुंटा रोवायचा, खाली काम सुरू होण्याआधीपासून ते संपून वर्ष होईपर्यंत प्रत्येक खुंट्याची उंची पुन्हा पुन्हा घ्यायची. सांगायला सोपं आहे. माझ्या पहिल्या रेघेचे खुंटे आम्ही मे महिन्यात काळ्या मातीत दोन फूट खोल रोवले. जुलैच्या फेरीत सगळे वर आले होते, काही एक सेंटिमीटर, काही अडीच. खाली कोळशाला अजून कोणी हातही लावला नव्हता. माती फुगली आणि खुंट्यांना घेऊन वर आली. त्या रात्री मी लेव्हल बुक चार वेळा तपासलं, बॅकसाइट-फोरसाइटच्या बेरजा पुन्हा केल्या, मला वाटलं मीच कुठं तरी चुकले. दादांनी सकाळी चहा पिताना सहज म्हटलं, "आमच्या घराचा ओटाही पावसाळ्यात वर येतो, मॅडम. दार घासते." त्या वर्षापासून आम्ही काळी माती पूर्ण ओलांडून खालच्या मुरमात सळई बसवतो आणि तिच्याभोवती पाइप घालतो, म्हणजे माती काय करायचं ते करो, सळईला धरणार नाही.

हे एवढ्या बारकाईनं सांगते कारण बशीची बाहेरची हद्द फार नाजूक असते. ऑस्ट्रेलियात २० मिलिमीटर खचणं म्हणजे हद्द असं मानतात. चांगल्या लेव्हलिंगमध्ये एक किलोमीटरला १२ मिलिमीटरची चूक चालवून घेतात. काळी माती तेवढीच वर-खाली करते. वर नागपूरचा मे, नऊ वाजल्यानंतर स्टाफवरचे (लेव्हलमधून वाचायच्या उभ्या मोजपट्टीवरचे) आकडे उन्हात थरथरायला लागतात आणि वाचणारा जे हवं ते वाचतो. म्हणून आमच्या फेऱ्या पहाटे साडेपाचला सुरू होतात आणि साडेआठला बंद. नजर ३० मीटरपेक्षा लांब टाकायची नाही. हल्ली उपग्रहाच्या रडारनंही जमिनीची हालचाल दिसते, आणि २०२५ च्या जुलैत गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाची लांब तरंगलांबी पिकातूनही बरं पाहते, त्याची मला आशा आहे. पण विहिरीच्या काठावर किती, हे अजून तरी मला स्टाफच सांगतो.

तर काकाजींची विहीर.

ती पॅनलच्या कडेपासून २८ मीटरवर. खाणीच्या नियमांत लोकांच्या बांधकामापासून ४५ मीटरच्या आत काम न्यायचं तर लेखी परवानगी लागते, म्हणून आमच्याकडून अहवाल मागवला होता. मला ही ४५ मीटरची रेघ कधीच पटली नाही. जमीन मीटरच्या ठोकळ्यांत नाही, खोलीच्या प्रमाणात वागते. नव्वद मीटरवर ४५ पुरतात, तीनशेवर पुरत नाहीत. असो.

मी हिशोब केला. कमाल खचणं ९० सेंटिमीटर. वालुकाश्म लटकतो म्हणून बशीचा काठ १५ मीटर आत, हा आकडा शेजारच्या भागात मी स्वतः मोजलेला, उगाच घेतलेला नाही. त्याप्रमाणे विहिरीपाशी खचणं ७ मिलिमीटर, ताण दर मीटरला २.७. तीनच्या आत. मी लिहिलं: सुरक्षित.

प्रत्यक्षात पॅनलच्या मधे ८४ सेंटिमीटर उतरले. ९० सांगितले, ८४ आले. कमाल आकड्यापुरतं बघितलं तर कोणीही शाबासकी देईल, आणि दिलीही. विहिरीपाशी मात्र त्या सकाळी आम्ही मोजलं ते ६८ मिलिमीटर. सातच्या जागी अडुसष्ट.

दोन रात्री मी फक्त कागद चाळले. मग खाणीच्या सर्व्हे ऑफिसात जाऊन जुने नकाशे मागितले. कापडी ट्रेसिंगवर शाईनं काढलेला एक नकाशा निघाला, घडीच्या रेषांवर फाटलेला. विहिरीच्या दक्षिणेला, मधे कोळशाची एक भिंत सोडून, फार पूर्वी काढलेला एक लहान पॅनल होता. मला दिलेल्या नकाशावर त्या जागी काहीच दाखवलं नव्हतं. ज्यांनी मला नकाशा दिला त्यांनी तो द्यायला हवा होता. पण मीही विचारलं नव्हतं, आणि विचारणं माझं काम होतं. कोऱ्या दिसणाऱ्या जागेखाली खरंच कोरं आहे का, हा प्रश्न खचण्याचा अंदाज करणाऱ्यानं सगळ्यात आधी विचारायचा असतो.

त्या जुन्या पॅनलनं विहिरीखालचा वालुकाश्म आधीच मोडून ठेवला होता. मोडका खडक छज्जासारखा लटकत नाही. म्हणजे माझे ते १५ मीटर त्या बाजूला नव्हतेच. ते काढून टाकून पुन्हा हिशोब केला, काठ पॅनलच्या कडेवरच ठेवला, तेव्हा विहिरीपाशी खचणं आलं ५३ मिलिमीटर आणि ताण ९. उरलेलं दीड सेंटिमीटर जुना गोफ पुन्हा हलल्यामुळे, मधली भिंत दबल्यामुळे. सूत्र तेच, कोळसा तोच, फक्त एका आकड्याच्या जागी शून्य. आणि ताण पावणेतीनवरून नऊवर.

२०१९ नंतर मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा एका डिपिलरिंग पॅनलच्या तोंडाशी उभं राहून गोफाकडे पाहिलं होतं. दिव्याचा झोत आत जाऊन विरून जात होता. वरचा थर आठ-दहा मीटर पुढे तसाच लटकलेला, खाली काही आधार नाही. ओव्हरमन, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणारे, म्हणाले, "आज पडला तर आवाज ऐकाल." थोड्या वेळानं आतून कुठून तरी लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, मग दुसरा, आणि आम्हाला मागे घेतलं. माझ्या शीटमधला १५ मीटरचा आकडा म्हणजे तो दगड होता. त्याआधी नऊ वर्षं मी तो नुसता टाइप करत होते. काकाजींच्या विहिरीचा हिशोब करताना तो दगड मी पाहिलेला होता, तरी तो तिथं असेलच असं धरून चालले, याचं मला वाईट वाटतं.

विहिरीचं पाणी तीन आठवड्यांत पाच मीटर खाली गेलं. आंबिया बहाराची फळं तेव्हा लिंबाएवढी होती. संत्र्याला मे महिन्यात पाणी चुकलं की फळ गळतं, आणि गळलंच. सकाळी झाडाखाली हिरवी फळं अंथरल्यासारखी दिसायची. काकाजींची सून ती टोपलीत भरून बांधावर टाकायची, गुरं खायची. दोन टँकर गावानं दिले. भरपाईचा अर्ज ज्यांच्याकडे गेला त्यांनी पहिलं उत्तर दिलं की भेग उन्हाळ्याची आहे, काळ्या जमिनीला पडतेच. मी त्याला माझ्या मोजणीचा तक्ता जोडला, सुतळीचा फोटो जोडला, आणि माझा पहिला अंदाज चुकीचा होता असं पत्र सहीनिशी दिलं. ऑफिसात काहींना ते आवडलं नाही. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर अर्ज मंजूर झाला. तोवर काकाजींनी कर्ज काढून उत्तरेच्या टोकाला बोअर मारली होती.

त्यानंतर मी अहवालासोबत एक वेगळं पान द्यायला लागले. मागितलेलं नसतं, तरी देते. मराठीत, एका बाजूचं. गावाच्या नकाशावर ताणाची पट्टी तांबड्या रंगात, आणि पट्टीत येणारे गट नंबर मोठ्या अक्षरांत. कोणत्या गटात विहीर आहे, कोणत्या गटात घर, कुठून पाइपलाइन जाते. खाली फेस किंवा पिलर काढणं त्या गटापाशी कोणत्या महिन्यात पोहोचेल. अंदाज चुकला तर पट्टी किती मीटर बाहेर जाऊ शकते ती दुसरी रेघ, तुटक. ही तुटक रेघ मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन काढते. सरपंचांकडे एक प्रत, तलाठ्यांकडे एक, आणि तांबड्या पट्टीतल्या प्रत्येक घरी एक. काही खाणींच्या लोकांनी सुरुवातीला नाराजी दाखवली की यानं लोक घाबरतात. घाबरले तर घाबरू देत. ज्याची विहीर आहे त्याला पाणी उपसून ठेवता येतं, मोटर वर घेता येते, पाइपला लवचिक जोड देता येतो, लेकरांना त्या भिंतीपासून लांब निजवता येतं. यातलं काहीही करायला त्याला आधी कळावं लागतं.

गेल्या आठवड्यात बागेच्या पूर्वेच्या नव्या पॅनलचं पान घेऊन गेले. काकाजी आता थकलेत, बाजेवर बसून असतात. पान त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, मग मुलाला हाक मारून चष्मा मागवला. बोट तुटक रेघेवर ठेवलं.

"हे तुटक कायची?"

"माझा अंदाज चुकला तर इथपर्यंत जाईल, काकाजी."

ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट सरकवत रेघेच्या जरा बाहेर नेलं, शेजारच्या गटावर. "इथं एक बुजवलेली विहीर हाय. माह्या आज्याच्या काळची. तुमच्या नकाशात नसन."

नव्हती. मी मोबाइलवर जागा नोंदवली आणि मुलाला सोबत घेऊन तिथं जाऊन आले. निंबाखाली दगडांचा एक गोल दिसत होता, मधे तरोटा उगवलेला. सळई बसवायला दादांना मंगळवारची वेळ दिली आहे. पहाटे साडेपाच, ऊन चढायच्या आत.